दिसेपर्यंत उभा राहा

मी आरसा बोलतोय. तोंड नसलेला बोलणार कसा, असं विचारू नका. आयुष्यभर लोकांची तोंडंच बघत आलोय, बोलणं कसं करतात ते बघून बघून पाठ झालंय. सध्या माझं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. शाळेच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे. एका अंगाला गुंडाळलेले नकाशे, दुसऱ्या अंगाला तांदळाची रिकामी पोती. उंदीर सोडले तर इथं मला कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, मला इथं का टाकलं ते निदान तुम्हाला तरी सांगावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पाठीला कलई चढवली तेव्हा अंगभर आग झाली, तेवढं आठवतं. मग गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला पुसदला आणलं. बसस्टँडजवळ बाबाराव नावाच्या माणसाचं केशकर्तनालय होतं, तिथं दोन खुर्च्यांसमोर मला लावलं. मी चांगला रुंद होतो, दोन गिऱ्हाइकं शेजारी बसली तरी दोघांनाही पुरायचो.

बाबाराव भला माणूस. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती नंतर, आधी ओल्या पेपरानं मला पुसायचा. म्हणायचा, "हा साफ असला तं गिराइकाचं मन साफ." पोटापाण्याचं गणित होतं त्यात, मला ते कळायचं. पण कुणी रोज प्रेमानं तोंड पुसलं तर बरं वाटतंच की.

त्या दिवसांत माझं नशीब जोरावर होतं. कापूस विकून, चुकाऱ्याचे पैसे खिशात घालून गडी निघाला की आधी माझ्यासमोर येऊन बसायचा. कपडालत्ता, तेलमीठ, पोरांचा खाऊ, सगळं नंतर. घरी जायच्या आधी जरा माणसात यावं असं त्यांना वाटायचं. "बाबाराव, मिशी जराशी बारीक कर. घरची म्हणते, पोट्टे घाबरून राह्यले." सगळं दुकान हसायचं. दाढी झाली की तो माणूस मान इकडून तिकडे करून स्वतःला बघायचा आणि थोडासा लाजायचा. लाजणाऱ्या पुरुषांचे चेहरे मी जितके बघितले तितके कुणी बघितले नसतील. त्या चेहऱ्यांसाठी मी अजूनही जीव टाकतो.

मग कापसाचे भाव पडले. एक साल पडले, लोक म्हणाले पुढच्या साली चढतील. पुढच्या साली आणखी पडले. माणसं दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसायची, पण आत यायची नाहीत. बाबाराव हाक मारायचा, तर "कापूस घरातच हाय, भाव आला का येतो दाढीले" असं म्हणून उठून जायची. कुणी आत आलंच तर खुर्चीत बसून डोळे मिटून घ्यायचं. माझ्याकडे बघायचं टाळायला लागले लोक. शेवटी एक खुर्ची निघाली, मग दुसरी निघाली. "वणीले लेकीकडं जातो. तिकडं खाणीवरचे ट्रकवाले तरी दाढी करतेत," असं म्हणून बाबारावनं मला भंगारवाल्याच्या हवाली केलं. जाताना त्यानं मला शेवटचं पुसलं. तो माझा शेवटचा सुखाचा दिवस.

भंगाराच्या दुकानातून मला उचललं ते दीनानाथ सरांनी.

हे दीनानाथ सर यवतमाळचे. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, घरात सगळे टेबलखुर्चीवर बसून काम करणारे. सरांनाही मोठा साहेब व्हायचं होतं. परीक्षा देऊन देऊन दमले आणि मग फुलसावंगीच्या अलीकडच्या या गावात, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला आले. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. कळकळीचा होता. पोरांनी शिकावं, मोठं व्हावं म्हणून रात्रंदिवस तळमळायचा.

त्या सालात शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागलं होतं. कापूस जितका खाली गेला तितकी शिबिरं वर आली. मन घडवा, व्यक्तिमत्त्व फुलवा, आयुष्य बदला. इथल्या लोकांचं मन कमजोर आहे, ते बळकट केलं पाहिजे, असं मोठ्या लोकांनी ठरवून टाकलं. भाव बळकट करावा असं काही कुणाच्या मनात आलं नाही. तर असल्या एका शिबिराला सर जाऊन आले आणि पेटूनच आले. तिथल्या व्याख्यात्यानं त्यांना सांगितलं होतं की माणूस आपल्या परिस्थितीबद्दल स्वतःला सोडून जगातल्या सगळ्यांना दोष देतो, त्याला आरसा दाखवा. सरांनी ते शब्दशः घेतलं आणि मला विकत आणलं.

पेंटरला बोलावून माझ्या डोक्यावर एक फळी ठोकली. त्यावर लाल रंगानं अक्षरं काढून घेतली. 'तुझ्या परिस्थितीला जबाबदार माणूस इथे पाहा.' मला ती अक्षरं दिसायची नाहीत, डोक्यावरचं कुणाला दिसतं? पण पोरं रोज मोठ्यानं वाचायची, त्यावरून मला कळलं. मी तर आजवर कुणाला जबाबदार धरलं नव्हतं. समोर जो येईल त्याला दाखवायचं, एवढंच मला येतं. मिशी वाकडी असेल तर वाकडी, सरळ असेल तर सरळ. ती वाकडी का झाली हे सांगायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं. ते सरांनी माझ्या गळ्यात मारलं.

मला लावलं ओसरीत, पाण्याच्या टाकीला लागून. पोरानं आधी नळावर हातपाय, तोंड धुवावं आणि स्वच्छ चेहऱ्यानं स्वतःला सामोरं जावं, अशी सरांची कल्पना. जागा चांगली निवडली होती. नळाला हात घातला की माझ्यावर शिंतोडे उडत.

मग सवयी सुरू झाल्या. पहाटे उठायचं. अंथरूण स्वतः घडी करायचं. आपलं ध्येय मोठ्यानं बोलायचं. 'जमणार नाही' हा शब्द फाटकाबाहेर ठेवून आत यायचं. प्रार्थना संपली की ओळीनं माझ्यासमोरून जायचं, आपल्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि म्हणायचं, "मी करू शकतो." आणि सगळ्यांत मोठा नियम, सरांच्या भाषेत, 'कारणबंदी'. दारूबंदी असते तशी. उशीर झाला, अभ्यास राहिला, मार्क कमी पडले, तर कारण सांगायचं नाही. माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "याला मीच जबाबदार आहे." दुसऱ्याचं कारणही सांगायचं नाही, कारण त्यानं दुसरा लुळा होतो.

सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही. सुमेधा नावाची एक मुलगी होती दहावीत. वर्गात नाव विचारलं तरी हिचा आवाज गळ्यातच विरायचा. ती मधल्या सुटीत एकटी माझ्यासमोर यायची. आधी नुसते ओठ हलवायची, मग हळू बोलायची, मग मोठ्यानं. दिवाळीपर्यंत ही मुलगी स्वातंत्र्यदिनाचं भाषण पुन्हा एकदा करून दाखवते का काय, असा खणखणीत आवाज लागला तिचा. तो आवाज पुढे कुठे कामी आला ते सांगेनच.

पण बाकीच्यांचं काय सांगू? वेचणीच्या दिवसांत पोरं सकाळी वावरात कापूस वेचून शाळेत यायची. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. माझ्यासमोर आली की लगबगीनं ते तंतू उपटून काढायची, सरांना दिसू नये म्हणून. दिसले तर सर म्हणणार, उशीर का झाला ते मला कळलं, पण ते कारण आहे आणि आपल्याकडे कारणबंदी आहे. वाळक्या बोंडांनी बोटं ओरखडलेली पोरं हात मागे बांधून म्हणायची, "याला मीच जबाबदार आहे." मी दाखवत राहायचो. आणखी काय करणार होतो?

सर स्वतः मात्र नेमानं करायचे, हे कबूल केलं पाहिजे. शाळा भरायच्या आधी एकटेच येत, भांग पाडत आणि दबक्या आवाजात म्हणत, "दीनानाथ, तू करू शकतोस." मग थोडा वेळ तसेच बघत राहत. त्यांच्या डोळ्यांत मला नापास झालेला मुलगा दिसायचा. आपण साहेब झालो नाही, ते आपल्याच कमजोरीनं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. स्वतःला लावलेला हा चाबूक ते पोरांनाही लावत होते, आणि त्याला माया समजत होते.

आता अतुलबद्दल सांगतो. सांगायचं होतं ते हेच, उगाच लांबण लावली.

अतुल सरांचा सगळ्यांत लाडका शिष्य. दहावीत, सुमेधाच्याच वर्गात, तिच्याच आळीत राहणारा. बाप बळीराम लोकांच्या वावरात मजुरी करायचा, आई पंचफुलाही मजुरीलाच. सरांनी सांगितलेली एकही सवय या पोरानं सोडली नव्हती. माझ्यासमोर यायचा तेव्हा पाठ ताठ, हनुवटी वर. "मी करू शकतो" असं म्हणायचा तेव्हा ओळीतली बारकी पोरं त्याच्याकडे टक लावून बघायची. सरांनी त्याला शब्द दिला होता की दहावीला चांगला निघालास तर पुसदला कॉलेजात नाव घालून देतो, वसतिगृहाचं मी बघतो. त्या शब्दावर पोरगं जगत होतं.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्यावर गेली. कधी नव्हे इतकी उंच. आणि अळीही कधी नव्हे इतकी. लोकांनी फवारणीवर फवारणी सुरू केली. माणूस पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरला की दिसेनासा व्हायचा आणि वर मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर यायचं. बळीराम तांड्यावरच्या हिरासिंगच्या वावरात फवारायला जायचा. चार-सहा फवारण्या झाल्या आणि तो आडवा पडला. मळमळ, चक्कर, पायात बळ नाही. काम अर्धवट टाकलं तर पुढचं काम मिळत नाही. तेव्हा अतुलनं पंप पाठीवर घेतला. पहाटे उठायची सवय होतीच. अंधार फाटला की वावरात आणि घंटेच्या आत शाळेत. शाळेत कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसा? ते कारण झालं असतं.

मला मात्र दिसायचं. डोळे लाल, कधी नाकातून पाणी. "मी करू शकतो" म्हणताना मध्येच थुंकी गिळायचा. आणि हनुवटी मात्र वर.

तो दिवस सोमवारचा. सोमवारी सर स्वतः माझ्याशेजारी उभे राहत, आठवडा दमदार सुरू व्हावा म्हणून. प्रार्थना झाली, पोरं वर्गात गेली, आणि अतुल फाटकातून पळत आला. अंगात शाळेचा सदरा, पण पँट वावरातलीच, गुडघ्यापर्यंत भिजलेली. दुपट्ट्यानं डोळे चोळत, ठेचकाळत तो सरळ नळाकडे निघाला. वारा फिरला होता आणि पंपाच्या नळीतून औषध भसकन त्याच्या डोळ्यांत गेलं होतं. वावरात पाणी संपलेलं. उशीर होईल म्हणून तो विहिरीकडे गेला नाही, तसाच शाळेकडे पळाला. शाळेत नळ आहे, तिथं धुऊ, असं त्यानं ठरवलं होतं. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की त्याचा हात नळाच्या तोटीवर पोचत होता.

"अतुल!" सरांनी हाक मारली. "तूसुद्धा?"

हात तोटीवरून मागे आला.

"सर, मी..."

"कारण नको." सरांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. लाडक्या मुलानं नियम मोडला म्हणून. "तुला माहीत आहे काय करायचं. ये, उभा राहा. तोंड नंतर धू. आधी स्वतःच्या डोळ्यांत बघ."

पोरगं माझ्यासमोर उभं राहिलं. मी आयुष्यात असले डोळे बघितले नव्हते. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. पांढऱ्याचं लाल, आणि लालवर दुधासारखा साका. पाणी नुसतं वाहत होतं. ते डोळे माझ्याकडे वळले होते, पण माझ्यावर कुठंच टेकत नव्हते.

"म्हण," सर म्हणाले.

"सर..." अतुल चाचपडत म्हणाला. "सर, मले मी दिसून नाई राह्यलो."

पहिल्या खिडकीतली पोरं फिसकन हसली. सरांचा चेहरा पडला. हा मुलगा टिंगल करतोय किंवा नवं कारण शोधून काढतोय, असं त्यांना वाटलं. परीक्षेत तीनदा आपटलेल्या माणसाला टिंगल फार लवकर ऐकू येते.

"असं का?" ते म्हणाले. "मग दिसेपर्यंत उभा राहा."

आणि ते वर्गात निघून गेले.

वर्ग ओसरीलाच लागून. मला सगळं ऐकू येत होतं. सुमेधा उठली. तो पहाटे पंप घेऊन जातो हे तिनं आळीत पाहिलं होतं, आणि आता खिडकीतून त्याला डोळे चोळत पळत येताना बघितलं होतं. "सर, त्याच्या डोयात औषध गेलं असन. त्याले धुऊ द्या."

"सुमेधा, दुसऱ्याचं कारण सांगायचं नाही. खाली बस."

ती बसली. इतकं खणखणीत बोलायला शिकलेली मुलगी, ती बसली.

ओसरीत आम्ही दोघंच उरलो. अतुल ताठ उभा होता, हात मांड्यांना चिकटवून, सांगितलं होतं तसा. दरदरून घाम फुटला होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती पुसायची की नाही, याचीही त्याला परवानगी नव्हती बहुतेक. शेजारी नळाची तोटी गळत होती. थेंब पडत होता, तो आवाज त्याला ऐकू येत होता, कारण दर थेंबाला त्याची मान तेवढी त्या बाजूला वळत होती. हात लांबवला असता तर पाणी होतं. नाही लांबवला त्यानं. पापण्या ताणून ताणून तो माझ्यात स्वतःला शोधत होता. दिसलो की सुटका, असा हिशेब होता पोराचा. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. तोंड असतं तर या शाळेत मला लावलंच नसतं म्हणा.

मग तो ओकला, माझ्या काचेवर. आणि खाली पडला.

पडल्याचा आवाज ऐकून आधी सुमेधा धावली, कुणाला न विचारता. तिनं नळ पूर्ण सोडला आणि ओंजळी भरभरून त्याच्या डोळ्यांवर मारायला लागली. सर मागून आले. सर आणि शिपायानं मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला नेलं, आधी आरोग्य केंद्रात, तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं म्हणे आमच्या भागातली माणसं रांगेनं निजलेली होती, सगळी फवारणीची. जीव वाचला. उजवा डोळा पांढरा झाला, कायमचा. डाव्यात उजेड-अंधार तेवढा कळतो. लगेच धुतले असते तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हे शिपाई दुसऱ्या शिपायाला सांगत होता, माझी काच पुसता पुसता.

दोन दिवस माझ्यासमोरून कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवसापासून प्रार्थना झाल्यावर पोरं पुन्हा माझ्यासमोरून जायला लागली. सर मात्र सकाळी एकटे यायचे बंद झाले.

काही दिवसांनी पंचफुला आली. अतुलची आई. डोक्यावरून पदर, पायात काही नाही, हातात पोराचं दप्तर. ती दप्तर द्यायला आली नव्हती. माझ्यासमोर येऊन थांबली आणि वर लाल अक्षरांकडे बघत राहिली. मधली सुटी होती. नळावर सुमेधा होती, तिला विचारलं, "बाई, काय लिवलं हाय वं हे?"

सुमेधानं वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचायची सवय, मोठ्यानंच वाचलं. पंचफुलानं ऐकलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"याच्यात तं मले मीच दिसून राह्यली," ती म्हणाली.

तेवढ्यात सर बाहेर आले. तिला बघून थबकले.

"सर, माह्या पोराले तुमी काहून उभं केलं? तो म्हणते, सरायनं दिसेपर्यंत उभं राहा म्हणलं. पाणी तं इथंच होतं." तिनं तोटीला हात लावला. "हे काय, इथंच."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, सरही ओरडले असते आणि प्रकरण भांडणावर मिटलं असतं. ती नुसती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

आणि सर बोलायला लागले. "बाई, मला माहीतच नव्हतं. त्यानं सांगितलंच नाही ना. औषध डोळ्यांत गेलं असं सांगितलं असतं तर मी... आणि शाळा म्हटली की शिस्त लागते. चाळीस मुलं, मी एकटा. सगळ्यांकडे कसं बघणार? परिस्थितीच अशी आहे इथली, बाई. पोरांना वावरात कुणी पाठवायला सांगितलं होतं? आणि औषधांच्या कंपन्या, सरकार... नुसता मीच का..."

"सर," सुमेधा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"कारण सांगायचं नाही."

माझ्यासमोर तासन् तास उभं राहून कमावलेला तो आवाज. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेला. नळावरची पोरं हातातलं पाणी सांडून वळून बघायला लागली. पंचफुला बाजूला सरली, सरांना माझ्यासमोर यायला वाट मोकळी करून दिल्यासारखी. मी वाट बघत होतो. एवढ्या वर्षांत मी कुणाची इतकी वाट बघितली नव्हती. एकदा येऊ दे हा माणूस, एकदा बघू दे, आणि हवं तर रडू दे.

सर आले नाहीत. घंटा व्हायला वेळ होता तरी ते वर्गात गेले.

दुसऱ्या दिवशी मला काढलं. आरसा पोरांच्या अंगावर पडेल, धोका आहे, असं शेऱ्यात लिहिलं म्हणे. फळी काढायला हत्यार मिळालं नाही म्हणून ती माझ्यासकटच इथं टाकली. सरांनी पुढच्या वर्षी बदली करून घेतली, घराजवळ, यवतमाळकडे. तिथल्या शाळेत त्यांनी नवा आरसा घेतलाय असं शिपाई सांगत होता. खोटं असेल. खोटं असो बापडं.

त्यानंतर एकदाच माझं तोंड फिरवलं गेलं. अतुल शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला होता. सुमेधा त्याला कोपराला धरून घेऊन आली होती, ती आता पुसदला कॉलेजात जाते. शिपायाकडून किल्ली मागून त्यांनी ही खोली उघडली. बाकं सरकवली, मला भिंतीपासून वळवलं. सुमेधानं ओढणीनं माझ्यावरची धूळ पुसली. बाबारावनंतर मला असं कुणी पुसलं नव्हतं.

"कायले आलास इथं?" ती त्याला म्हणाली. "काय पाह्यचं हाय तुले याच्यात?"

अतुल हातानं चाचपत माझ्या काचेशी आला, नाक टेकेल इतका जवळ. मिशी फुटली होती पोराला. बाबाराव असता तर म्हणाला असता, बस रे, जराशी बारीक करून देतो. मग तो एक पाऊल मागे सरकला, हात मांड्यांना चिकटवले आणि हनुवटी वर केली.

"काय करून राह्यला?" सुमेधा घाबरून म्हणाली.

"सरायनं दिसेपर्यंत उभं राह्यले सांगतलं होतं. माह्यं तं अर्धंच झालं."

"अतुल!"

"सरायची चुकी नाई वं. सारे सरायलेच बोलते. उशीर माह्याच झालता." तो माझ्याकडे बघत होता, किंवा माझ्याकडे तोंड करून होता, आणि तेच ठेवणीतलं वाक्य त्याच जोरकस आवाजात म्हणाला, "याला मीच जबाबदार आहे."

सरांनी गाव सोडलं, फळी माझ्यासोबत अडगळीत आली, पण धडा पोराच्या अंगात तसाच मुरलेला होता. सुमेधानं त्याला खांद्याला धरून हलवलं, "पाणी इथंच होतं, अतुल, पाणी इथंच होतं," असं रडत रडत म्हणत राहिली. तो तिचीच समजूत घालायला लागला. शिपायानं कुलूप हलवलं. जाताना सुमेधानं मला दोन्ही हातांनी उचलून पुन्हा भिंतीकडे केलं. तिनं मला फोडलं असतं तरी मी रागावलो नसतो. भिंतीकडे केलं तरी रागावलो नाही.

तर असा मी. काच अजून शाबूत आहे, कडेला फक्त एक काळा डाग पसरतोय. आज ना उद्या कुणी नवे सर येतील, खोली साफ करतील, म्हणतील, अरे वा, चांगला आरसा आहे, लावू या ओसरीत. लावा. मी पोरांच्या केसांतले कापसाचे तंतू दाखवीन, वाकडा भांग दाखवीन, पहिली मिशी दाखवीन. पण एवढं करा, ती फळी आधी उखडून चुलीत घाला. वर काही लिहू नका. आणि एखादं पोरगं धावत, डोळे चोळत नळाकडे आलं, तर त्याला माझ्यासमोर उभं करू नका. आधी पाणी घेऊ द्या.